कवळीच्या रंगाचं पेन

आमच्या वहिनीच्या बोटांकडे बघितलं की तिचा दिवस कसा गेला ते कळतं. बोटं जांभळी असली तर नवी शाई हाती लागली आहे. हिरवी असली तर बाटली कलंडली आहे आणि त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. पाचही बोटं पाच रंगांची दिसली तर रविवार आहे, कारण रविवारी सकाळी तिची पेनमंडळी जमते. मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात, पण काउंटरच्या या बाजूला आठवडाभर बसून बघा, तुमच्याही नाकावर येईल. माझ्यासमोरचं दोरीला बांधलेलं बॉलपेन लोक दोरीसकट पळवतात. त्यामुळे पेन या वस्तूवर कुणी जीव टाकावा हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं.

वहिनी कवळ्या बनवते. मागच्या गल्लीत एका जिन्याखालून आत गेलं की तिची डेंटल लॅब लागते. दोन टेबलं, पॉलिशचं घरघरणारं मशीन, मेणाचा वास आणि सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी पूड. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात, वहिनी त्यांवर गुलाबी हिरड्या चढवते, दात बसवते, घासते, चकाकवते. समोरून येणारा माणूस हसला की ती आधी त्याचे दात बघते आणि मग माणूस ओळखते. माझा भाऊ, म्हणजे दादा, लग्नाआधी तिला भेटायला गेला तेव्हा ती सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. दादा बिचारा भलताच समज करून घरी आला. नंतर कळलं की त्याचा एक दात किडलेला होता.

तर अशा या लॅबमध्ये एका डॉक्टरांकडचा माणूस साचे ठेवायला आला आणि आपलं शाईपेन टेबलावर विसरून गेला. वहिनीनं सहज दोन ओळी लिहून बघितल्या. पेन खरवडत होतं. दुसरं कुणी असतं तर टोपण लावून बाजूला ठेवलं असतं. हिनं डोळ्याला भिंग लावलं. निबच्या टोकाला मधोमध चीर असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या. त्यांतली एक पाकळी किंचित वर उचलली होती. दाताला दात बसत नव्हता, एवढंच. तिनं नखानं ती पाकळी खाली दाबली, पॉलिशच्या कागदावर निब दोनदा फिरवली आणि पेन लिहायला लागलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर कागद ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं हिला लॉटरी लागली.

"भाऊजी, लिहून बघा."

मी माझं नाव लिहिलं. कसं वाटलं, असं तिनं विचारलं. माझंच नाव आहे, मी म्हणालो. ती माझ्याकडे अशी बघून आत गेली की मला वाटलं आता जेवायला मिळत नाही.

त्या दिवसापासून घराला शाई लागली. साखरेच्या डब्यामागे बाटल्या, खिडकीत वाळत घातलेल्या निबा, बेसिनमध्ये कायम एक निळा ओघळ. टॉवेलांची तर दैनाच. बाजारात हिंडताना दोन निळ्या शाया तिला दिसल्या की ती दोन्ही घ्यायची, आणि दादानं दोन्ही सारख्याच आहेत असं म्हटलं की त्याला हाताला धरून उजेडात न्यायची. यातली वाळल्यावर कडेनं लाल झाक मारते, बघा. दादा बघायचा. त्याला काहीही दिसत नसे, पण तो गेली कित्येक वर्षं मालाची गाडी चालवतो आणि वळणावर हॉर्न द्यावा तसं योग्य वेळी "हो, मारते खरी," म्हणतो. संसार टिकतो तो अशाच गोष्टींवर.

रविवारची मंडळी बसते ती बाइंडरकाकांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, कागद दाबायचे लोखंडी प्रेस आणि भिंतीला टेकलेले कागदांचे गठ्ठे. सरसाचा वास नाकात बसला की दिवसभर जात नाही. बाइंडरकाका वह्या शिवतात आणि कागदाला हात लावूनच शाई त्यावर फुटेल की नाही ते सांगतात. बाकी एक नर्स, एक लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि एक वकील, ज्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला डाग आहे. मी एकदा वहिनीला सोडायला गेलो आणि थांबलो. सगळे एकमेकांची पेनं घेऊन लिहीत होते. कुणी उत्तेजित होऊन उठत होतं, कुणी दुसऱ्याच्या कागदावर वाकत होतं. हे काय लिहितात म्हणून मी डोकावलो, तर वकिलांनी लिहिलं होतं, "ही शाई छान आहे." नर्सबाईंनी लिहिलं होतं, "ही शाई छान आहे." लिफ्टवाल्यानं त्याखाली लिहिलं होतं, "खरंच छान आहे." एवढी पेनं, एवढ्या शाया, असला गुळगुळीत कागद आणि कुणालाच कुणाला काही सांगायचं नाही. मी तसं बोलून दाखवलं. बाइंडरकाका म्हणाले की बागेत फिरायला जाणाऱ्याला कुठे पोचायचं असतं का. मी चिडून चप्पल पायात घातली.

घरात या सगळ्याचा खरा विरोध होता तो आईचा. आई शाळेत मुख्याध्यापक होती. तिची अर्धी नोकरी शाईपेनात गेली आणि तिच्या मते शाईपेन म्हणजे पर्समध्ये पाळलेलं मांजर, केव्हा घाण करेल सांगता येत नाही. बॉलपेन आलं तेव्हा आम्ही सुटलो, आणि ही बया ते लचांड हौसेनं गळ्यात बांधून घेते, असं ती वहिनीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणायची. आईच्या तोंडातली वरची कवळी मात्र वहिनीच्याच हातची. त्यामुळे सुनेला नावं ठेवतानाही दात सुनेचेच वापरावे लागायचे. वहिनी हे कधी बोलली नाही. मी बोलायचो.

आईची सही हा आमच्याकडे मोठा विषय होता. पहिल्या अक्षराला एवढं मोठं पोट, मग बाकीची अक्षरं एका दमात, शेवटी खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. शेकडो मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर ती सही आहे. रस्त्यात टक्कल पडलेली माणसं थांबून सांगायची, बाई, तुमची सही बघितली की अजून पोटात गोळा येतो. आई वरवर रागवायची आणि आतून खूश व्हायची.

मग तिची बोटं आखडायला लागली. सांधे सुजले, हात थोडा कापू लागला. बॉलपेनाला दाब द्यावा लागतो आणि दाब द्यायला गेलं की हात जास्तच कापायचा. सहीचं पोट फाटायला लागलं, रेघ तिरकी पळायला लागली. शेवटी एक दिवस आमच्याच बँकेत तिची सही जुळेना. आमच्या अधिकारीबाई नियमाला पक्क्या आहेत, पण वाईट नाहीत. त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, पुन्हा सही करायला सांगितलं, पुन्हा सांगितलं. मग म्हणाल्या की आजच्यापुरता अंगठा घेऊ या. नवी सही नोंदवायची असेल तर माझ्यासमोर कार्डावर तीन सह्या करायच्या, तिन्ही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. नाहीच जमलं तर मग अंगठाच कायमचा नोंदवून टाकू, म्हणजे दर वेळचा त्रास नको.

स्टॅम्पपॅड मीच आणलं, ते माझं कामच आहे. रोज कितीतरी लोकांचा अंगठा मी धरतो आणि पॅडवर टेकवतो. त्या दिवशी आईचा धरला. तिनं हात ओढून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. ओलं फडकं पुढे केलं तर तेही नको म्हणाली. घरी येईपर्यंत तिनं अंगठा मुठीत दाबून ठेवला होता. जिन्यात समोरच्या घरातल्या बाई भेटल्या, त्यांनी काही विचारलं, तर आई त्यांच्याशी हात पाठीमागे धरून बोलली. त्या बाई एकेकाळी आईच्याच हाताखाली शिकवायच्या. मग आई मोरीत गेली आणि इतका वेळ साबण लावत बसली की अंगठ्याची कातडी लाल झाली. मला फार वाईट वाटलं आणि बँकेचा, त्या पॅडचा, त्या फडक्याचा सगळ्याचा राग आला.

वहिनी दारात उभी राहून हे बघत होती. ती काही सांत्वन करणारी बाई नाही. तिचे डोळे वेगळेच चमकत होते, एखाद्या अवघड जबड्याचा साचा समोर आल्यावर चमकतात तसे.

"आई, शाईपेनाला दाब लागत नाही," ती म्हणाली. "नुसतं टेकवायचं. बाकीचं शाई करते. मला तुमचा हात द्या."

आई म्हणाली, हात काय द्यायचाय, हात गेलाच आहे. पण तिनं नको असंही म्हटलं नाही, आणि आमच्या घरात आईनं नको न म्हणणं म्हणजे हो असतं.

पुढचे दिवस घरात जी धमाल सुरू झाली ती काय सांगू. वहिनीनं मंडळींना कामाला लावलं. बाइंडरकाकांनी आपलं जुनं, जाडजूड, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं पेन काढून दिलं. एबोनाइट हाताला गार लागत नाही, आखडलेल्या बोटांना बरं. वकिलांनी निळी-काळी शाई आणली, एकदा वाळली की पाण्यानं निघत नाही अशी, कारण बँकेत धुऊन जाणारी शाई चालणार नाही. मग वहिनीनं लॅबमधून मऊ मेणाचा गोळा आणला, पेनाभोवती थापला आणि आईला सांगितलं, तुम्हाला जमेल तसं धरा, मला जमेल तसं नाही. आईनं धरलं. मेणात तिच्या वाकड्या बोटांचे खळगे उठले. तोंडाचा साचा घेतात तसा वहिनीनं हाताचा साचा घेतला आणि दोन दिवसांनी त्या पेनावर बरोब्बर तशीच मूठ चढवून आणली. लॅबमध्ये प्लॅस्टिक एकाच रंगाचं असतं. मूठ हिरडीसारखी गुलाबी झाली.

आईनं ते पेन उलटसुलट करून बघितलं. "तोंडात एक आहे, आता हातात दुसरी कवळी," ती म्हणाली. दादा हसला, मी हसलो, वहिनी हसली नाही, कारण ती आईची बोटं बघत होती. बोटं आपापल्या खळग्यात जाऊन बसली होती. आईच्याही ते लक्षात आलं. तिनं पेन सोडलं आणि पुन्हा धरलं, मग पुन्हा सोडून धरलं.

आता निब. कवळी बसवल्यावर चावा कुठे टेकतो ते बघायला वहिनी एक पातळ निळा कागद वापरते. दाताखाली धरायचा, चावायचं, जिथे निळा ठिपका उमटेल तिथे घासायचं. तिनं तोच कागद आईच्या निबखाली धरला. आई पेन थोडं कलतं धरते, त्यामुळे निब एका बाजूनं टेकत होती. वहिनीनं ती बाजू घासली. आई म्हणाली, खरखरतंय. वहिनीनं आणखी घासली. अजून थोडं खरखरतंय. आणखी. लॅबमधून आली की हात धुवायच्या आधी ती आईसमोर बसायची. इतकं पॉलिश केलं, इतकं केलं की एका संध्याकाळी आईनं पेन टेकवलं आणि ती दचकलीच. कागदावर काही लागतच नव्हतं, नुसती शाई वाहत होती.

मग आई लिहीत सुटली. बाइंडरकाकांच्या जाडसर, शाई अलगद पिणाऱ्या कागदावर ती सह्या करायची. पहिल्या दिवशी पोट आलं, रेघ नाही आली. मग रेघ आली. मग एक दिवस मी बँकेतून परतलो तर वहिनी दारातच कागद घेऊन नाचत होती, खरोखरची नाचत होती, एवढी मोठी बाई. कागदावर पोट होतं, रेघ होती आणि रेघेखाली दोन टिंबं. सही जुन्यासारखी नव्हती, थोडी वयस्क झाली होती, पण आईची होती. मी कागद उजेडात धरून बघितला. मी वहिनीला म्हणालो की उद्याच बँकेत जाऊ या. आई म्हणाली उद्या नको, परवा. वहिनीनं बजावून सांगितलं की आता हे पेन परवापर्यंत भरलेलं राहू दे. या जातीच्या पेनात शाई थेट पोटात भरतात. ती अर्धी झाली की आत हवा भरते, हाताच्या उबेनं फुगते आणि पेन ढेकर देतं, म्हणजे निबेतून थेंब बाहेर टाकतं. आईनं मान डोलावली.

ठरल्या दिवशी दादानं कामाला सुट्टी दिली. आई इस्त्रीचे कपडे घालून निघाली, कवळी चकाकत होती. पेन वहिनीच्या पर्समध्ये, टीपकागदात गुंडाळून. वहिनीची पर्स म्हणजे अर्धी लॅबच असते, भिंग, चिंध्या, ड्रॉपर, काय म्हणाल ते. काउंटरवर माझ्या बाजूच्या सगळ्यांना आधीच माहीत होतं, मीच सांगितलं होतं. गुलाबी पेन बघायला शिपाईसुद्धा रेंगाळला.

अधिकारीबाईंनी कोरं कार्ड पुढे ठेवलं. त्यावर सहीसाठी तीन चौकोन. आईनं खुर्ची पुढे ओढली, पेन धरलं, बोटं खळग्यांत गेली, आणि तिनं पोट काढलं. कार्डावर काहीच उमटलं नाही. हात पुढे सरकला तशी मध्येच शाई आली, पुढची अक्षरं उठली, रेघही आली. पण पोट नव्हतंच. आईनं दुसऱ्या चौकोनात केली. पुन्हा सुरुवात कोरी. अधिकारीबाई हळूच म्हणाल्या की आजी, अंगठ्यात काही कमीपणा नाही हो, बरेच लोक देतात. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. स्टॅम्पपॅड माझ्या हाताशीच होतं. मी ते उचललं नाही. जागचा हललोच नाही.

वहिनीनं कार्डावर बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. कार्ड चकचकीत होतं, मेण लावल्यासारखं. घरचा कागद शाई ओढून घेणारा, हा तिला शिवूही न देणारा. आणि तिनं निब इतकी घासली होती, इतकी गोल केली होती की चिरेच्या तोंडाशी खळगा पडला होता. शाई टोकापर्यंत येत होती, पण कागदाला टेकत नव्हती. दाब दिला असता तर टेकली असती. आईच्या हातात दाबच नव्हता. हे सगळं ती मला नंतर सांगणार होती. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलं. मी फार चांगलं केलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीला रडताना मी तेव्हा प्रथमच बघितलं.

आई मात्र कार्डाकडे बघत होती. तिनं अंगठा त्यावरून फिरवला, मग वहिनीच्या मनगटावर हात ठेवला.

"नवा फळा असाच असतो," ती म्हणाली. "खडू नुसता घसरतो. मग आम्ही खडूचं टोक मोडून घ्यायचो. मोडलं की खरखरतो, आणि खरखरला की उमटतो. तू याचं टोक मोड."

"आई, तुम्हाला खरखर लागेल."

"लागू दे. माझी सही आहे, मला लागली तर काय बिघडलं."

वहिनीनं डोळे पुसले. पर्समधून पॉलिशचा कागद काढला, नेहमीचा मऊ नाही, त्याहून भरड. अधिकारीबाईंच्या टेबलावर, रबरी शिक्क्यांच्या शेजारी, भिंग डोळ्याला लावून तिनं आपलंच काम बिघडवायला घेतलं. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. इतक्या दिवसांची चकाकी ती स्वतःच्या हातानं उतरवत होती. थोडं घासायची, निबला पाण्याचा स्पर्श द्यायची, आईच्या हाताखाली निळा कागद धरायची, पुन्हा घासायची. रांगेतले लोक माना वाकड्या करून बघत होते, आणि नेहमी दोन मिनिटं उशीर झाला तर ओरडणारा एक गृहस्थ माझ्या काउंटरवरचं काम सोडून तिथे जाऊन उभा राहिला. अधिकारीबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग ड्रॉवर उघडून गुपचूप नवं कार्ड काढलं.

आईनं पेन टेकवलं. कार्डावर खर्र असा आवाज झाला, मला माझ्या जागेवर ऐकू आला. आणि पोट आलं, पूर्ण, निळं-काळं, ओलं. पहिली सही झाली, मग दुसरी. तिसरीला तिचा हात दमला आणि कापायला लागला. तिनं पेन खाली ठेवलं नाही, नुसतं थांबली, एक श्वास घेतला आणि रेघ ओढली. मग एक टिंब, मग दुसरं. अधिकारीबाईंनी तिन्ही सह्या जवळ धरून बघितल्या. त्यांनी आपलं बॉलपेन उचलून कार्डाच्या खाली स्वतःची सही केली आणि म्हणाल्या, "झालं, आजी. आता अंगठा नको."

मी काउंटर सोडून बाहेर आलो. वहिनीला काय म्हणावं ते कळेना, म्हणून तिला म्हणालो की तुमच्या नादानं बँकेचं एक कार्ड वाया गेलं. ती हसत होती आणि नाक पुसत होती, दोन्ही एकदम. शिपायानं ते गुलाबी पेन हातात घेऊन बघितलं आणि माझ्या दोरीच्या पेनाकडे असं बघितलं की मला लाजच वाटली.

आई उठायला लागली आणि तेवढ्यात पेनानं ढेकर दिला. टपोरा थेंब निबेतून गुलाबी मुठीवर आला आणि तिच्या अंगठ्यावर पसरला. वहिनीनं पेन उघडून आत बघितलं. आत शाई अर्ध्याहून कमी. काल तर काठोकाठ भरलं होतं, ती म्हणाली. आईनं खुर्ची जागेवर सरकवली. दादानं मान खाली घालून सांगितलं की आई पहाटेपासून खोलीचं दार लावून सह्या करत होती, आणि कुणाला सांगायचं नाही असं तिनं बजावलं होतं.

मी सवयीनं ओलं फडकं पुढे केलं. रोज करतो तसं. आईनं ते बाजूला सारलं. वहिनी म्हणाली की आई, लगेच धुवा, ही शाई वाळली की आठवडाभर जाणार नाही.

"माहिती आहे मला," आई म्हणाली.

मीही अर्धी रजा टाकून निघालो. घरी येताना ती दादाच्या गाडीत पुढे बसली, हात मांडीवर, अंगठा वर. जिन्यात समोरच्या बाई कचरा टाकायला निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, सगळे एकदम कुठे गेला होतात. बँकेत जरा सही करायची होती, आई म्हणाली. आणि तिनं डोळ्यांवरचा चष्मा अंगठ्यानं वर सरकवला. चष्मा मुळीच घसरला नव्हता.